बांधावरचा भाऊ

मार्च उजाडला की पिंपळे गुरवमध्ये घराघरांतले टीव्ही मुके होतात. शेजारच्या काकू कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा होऊ देत नाहीत, कारण त्यांच्या कुठल्या ना कुठल्या नातवाची बारावी असते. रस्त्याकडेच्या कडुलिंबाची पिवळी पानं भर दुपारी एकेक करून गळत राहतात. मला हा महिना आवडत नाही. सत्तावीस वर्षं झाली, तरी या उन्हात कुणीतरी माझ्या मागे चार पावलांवर उभं आहे असं वाटतं. वळून बघितलं तर गच्चीवरच्या दोरीला कपडे वाळत असतात, एवढंच.

यंदा दहावीला माझी लेक होती, सई. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञानाच्या पुस्तकाखाली तिने दडवलेलं दुसरंच एक पुस्तक माझ्या हाती लागलं. इंग्रजी, विटेएवढं जाड. मुखपृष्ठावर बर्फ, पांढऱ्या खोडांची झाडं आणि लाल शाल पांघरलेली एक मुलगी. मी ते जप्त केलं. सई आकांडतांडव करील असं वाटलं होतं, पण ती माझ्यापेक्षा हुशार निघाली.

"घे," ती म्हणाली. "पण नुसतं कपाटात कोंबू नकोस. वाच. पेपर संपले की मला तुझं मत हवंय, आमच्या ग्रुपवर टाकायला."

"मी काय मत देणार?"

"कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुकाच काढतेस ना? यातल्या काढ."

ते खरं होतं. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. नग हातात घ्यायचा, मापायचा, मापात नसला तर त्याला लाल टॅग बांधायचा. पंधरा वर्षं हेच केल्यामुळे स्वभावही तसाच झालाय. लग्नाच्या पंगतीत बसले तरी माझं लक्ष आधी जिलबीच्या कडेकडे जातं. त्यामुळे डब्याच्या सुट्टीत मी ते पुस्तक उघडलं, तेव्हा मनात टॅग तयारच होता.

तर माझं मत. पूर्व युरोपातल्या स्लाव लोकांच्या जुन्या दैवतकथांवरून बेतलेली ही कादंबरी सईच्या वयाच्या मुलांसाठी लिहिली आहे. नायिका सोळा वर्षांची. नदीकाठचं गाव, सहा महिने बर्फ, पलीकडे अरण्य. अरण्याचा एक राजपुत्र आहे, त्याचे डोळे लांडग्यासारखे पिवळे आहेत आणि ते पिवळे आहेत हे लेखिका दर तीन पानांनी सांगते. पहिला लाल टॅग तिथे. नायिकेला थंडीत हातमोजे घालायचं कधीच सुचत नाही, म्हणजे राजपुत्राला तिचे हात उबेला धरता येतात. दुसरा टॅग तिथे. हे सगळं मी हसत हसत वाचत होते. कॅन्टीनमधल्या बायका विचारायच्या, "सुरेखाताई, पिवळ्या डोळ्यांचा कुठवर आला?"

मग थंडी संपायचा प्रसंग आला. त्या गावात हिवाळ्याची गवताची बाहुली करतात, तिला गावभर मिरवून नदीत बुडवतात. बुडवल्यावर घरी परतताना कुणी मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर थंडी त्या माणसाच्या मागोमाग घरात येते. हे वाचताना माझा घास हातातच राहिला. वळून न बघण्याचा नियम मला माहीत होता. तो मी पाळला होता.

त्याच्या पुढचं प्रकरण घराच्या राखणदाराचं. त्याला तिकडे दोमोवोय म्हणतात. चुलीमागे राहणारा दाढीवाला म्हातारा, कुणाला दिसत नाही, घरातलं दूध-भाकरी खातो आणि घर सांभाळतो. घर बदलायचं झालं तर त्याला बरोबर न्यावं लागतं. जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घ्यायचे आणि म्हणायचं, आजोबा, चला, नव्या घरी. नाही म्हटलं तर तो रिकाम्या घरात मागे राहतो आणि उपाशी रडतो. नायिकेच्या घरच्यांना एका सकाळी घाईने गाव सोडावं लागतं. बोलावण्याचं काम तिच्याकडे असतं. गाडी जुंपलेली, बर्फ पडू लागलेलं. ती चुलीपाशी जातच नाही. आई विचारते, बोलावलंस का? ती म्हणते, हो.

मी पुस्तक मिटलं आणि डबा न संपवताच हात धुतले.

आमची वस्ती चाकणजवळ निघोज्याच्या मळ्यात होती. चार खोल्यांचं कौलारू घर, शेजारी विहीर, विहिरीच्या काठावर साती आसरा. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. शेंदूर लावलेले सात दगड, मुठीएवढे, एका ओळीत. त्यांचा भाऊ म्हसोबा त्यांच्याजवळ नव्हता, वीसेक पावलांवर बांधावर बाभळीखाली होता. बहिणी पाणी सांभाळतात आणि भाऊ बांधावरून बहिणींना, असं आई सांगायची. मी लहानपणी विचारलं होतं, मग भावाला कोण सांभाळतं? आई म्हणाली होती, "त्याला काय करायचंय सांभाळून?"

माझ्या दहावीच्या वर्षी जमीन कारखान्यांसाठी गेली. शेवटचं कांद्याचं पीक काढून न्यायला त्यांनी मुदत दिली होती, त्यामुळे त्या मार्चमध्ये एकीकडे मोजणीचे खांब रोवलेले आणि त्यांच्यामध्ये कांदा. उपटलेल्या कांद्याच्या पातीचा उग्र वास सगळ्या घरात भरलेला असायचा. मी त्या वासात बीजगणित केलं, त्याच वासात नकाशे भरले. आजही मंडईत पातीचा ढीग दिसला की मी वाट बदलते.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पिंपळे गुरवला घर बांधलं होतं. जायचा दिवस ठरला तो माझ्या शेवटच्या पेपरचा, भूगोलाचा. दुसऱ्या दिवसापासून अमावास्या लागत होती म्हणून आईला देव त्या सकाळीच हलवायचे होते. देव हलवायला घरातली कुमारिका लागते. तिने न्हाऊन ओल्या केसांनी, मुक्याने जायचं. एकेकीला, शेवटी बांधावरच्या भावालाही, हळदकुंकू लावून मनातल्या मनात चला म्हणायचं, पाटीत घ्यायचं, वर हिरवा खण घालायचा आणि मागे न बघता परत यायचं. नव्या जागी पाण्याजवळ पाटी उतरेपर्यंत खण उचलायचा नाही. आईने एक गोष्ट बजावून सांगितली होती.

"एखादा दगूड हलला न्हाई तर जोर लावू नगं. हलला न्हाई म्हंजे त्याची यायची विच्छा न्हाई."

मी साती जणींना घेतलं. तेवढ्यात रस्त्यावर चाकणच्या एसटीचा भोंगा वाजला. ती चुकली तर पेपर चुकला. भाऊ वीस पावलांवर होता. मी बाभळीकडे बघितलंसुद्धा नाही. मागे बघायचं नसतं या नियमाच्या आड लपून मी घराकडे वळले, पाटी आईच्या हातात दिली, दप्तर उचललं आणि धावले. नकाशाची पुरवणी भरताना लक्षात आलं की अंगठ्याला शेंदूर राहिलाय. नर्मदेच्या मुखाशी माझ्या अंगठ्याचा केशरी ठसा उठला. खोडरबराने घासला तर तो आणखी पसरला.

पेपर सुटला तेव्हा केंद्राबाहेर सामानाचा टेम्पो उभा होता. पुढे अण्णा, मागे गाद्यांवर आई, तिच्या मांडीवर पाटी. मी आईशेजारी चढून बसले. मळ्यात मी परत गेलेच नाही. माझा दादा, बाळू, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तो टेम्पोत नव्हता. कांदा निघायचा होता, म्हणून अण्णांनी त्याला चार दिवस मागे ठेवलं होतं.

पिंपळे गुरवला पाण्याच्या हौदाजवळ आईने खण उचलला.

"आन भाऊ कुठाय?"

मी म्हणाले, "हलला नाही."

आईने हात जोडले. "न्हाई यायचं त्याच्या मनात. ऱ्हाऊ दे."

इतकं सोपं होतं ते. एक लटकं वाक्य, आणि तेही आईनेच शिकवलेलं. पण आईने ते उराशी धरलं. सगळं गेलं, तरी आमचा म्हसोबा हलला नाही, त्याने जमीन सोडली नाही, हे ती आल्यागेल्याला सांगू लागली. सांगताना तिची मान ताठ व्हायची. दर चैत्रात आसरांना दहीभाताचा नैवेद्य दाखवला की ती आठवा घास बाजूला काढून निघोज्याच्या दिशेला ठेवायची. तो घास ठेवताना तिचे डोळे भरायचे आणि मी ताट आवरायच्या निमित्ताने आत जायचे. खरं सांगावं असं शंभरदा ओठांवर आलं. पण लोकांपुढे सांगण्यासारखं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

आणि दादा? चार दिवसांचा महिना झाला. कांदा संपला तोवर कुंपणाची भिंत घालणाऱ्याने त्याला सिमेंटच्या गोण्यांवर राखणीला ठेवलं. भिंत झाली, कंपनी उभी राहिली, तर तो तिच्या गेटवर. एजन्सी बदलते तसा त्याच्या सदऱ्याचा रंग बदलतो, निळा, खाकी, परत निळा. निघोज्यातच त्याने कामगारांच्या चाळीत खोली घेतली. लग्न केलं नाही. पहिल्या दिवाळीला तो उशिरा आला आणि फराळ करून लगेच निघाला, तेव्हा पाहुण्यांतल्या कुणीतरी विचारलं, हा का राहत नाही इथे? आई हसून म्हणाली, "बाळूपन म्हसोबावानीच हाय. हलायचा न्हाई."

माझ्या हातात चकलीची परात होती. ती मी तशीच धरून उभी राहिले. माझं वाक्य माझ्या भावाच्या अंगावर चढलेलं मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. पुढे ते घरात रुळलंच. अण्णा म्हणायचे, मामा म्हणायचे, माझ्या लग्नात भटजींनाही कुणीतरी तेच सांगितलं. हलायचा न्हाई तो.

माझं सासर राजगुरुनगरचं. नव्या सुनेला सणाला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पंचमी असो, दिवाळी असो, दादा कधी चुकला नाही. सुट्टी टाकून यायचा, सासूबाईंशी दोन शब्द बोलायचा, माझी पिशवी उचलायचा. एसटीत खिडकी मला द्यायचा. पिंपळे गुरवला घरापर्यंत पोचवायचा, उंबऱ्यात बसून चहा प्यायचा आणि ड्युटी आहे म्हणून परत जायचा. मला माहेरी सोडून तो स्वतः कुठे जातोय, हे मी कधी विचारलं नाही. आता आई-अण्णा दोघंही नाहीत. सईच्या जन्मानंतर आम्हीच त्या घरात राहायला आलो. आसरा गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ आहेत. खालची एक खोली दादाची म्हणून आईने ठेवली होती. तिच्यात सईची जुनी सायकल, जादा गाद्या आणि गणपतीचं मखर आहे. तिथून जाताना मी दार ओढून घेते.

हे सगळं त्या इंग्रजी पुस्तकाने उकरून काढलं. पुढची दोनशे पानं मी सुट्टीत, बसमध्ये, सई पाठांतर करत असताना तिच्या खोलीबाहेर बसून वाचली. मागे राहिलेला तो म्हातारा चिडतो. रिकाम्या घरात भांडी आदळतो, वाटसरूंची वाट चुकवतो, शेवटी नायिकेच्या नव्या घरावर बर्फाचं वादळ धाडतो. ती परत जाते, रडते, आणि तो एका पानात तिला माफ करून पोटाशी धरतो. मग पुन्हा पिवळे डोळे, आणि शेवट.

मी त्या पानाला तिसरा लाल टॅग लावला. इतक्या स्वस्तात माफी? सोळा वर्षांच्या मुलींना हे असलं खोटं शिकवायचं? मला राग आला होता, आणि तो पुस्तकापुरता नव्हता हे मलाही कळत होतं.

सईचा भूगोलाचा पेपर होता त्या दिवशी मी रजा टाकली. आदल्या रविवारी खालच्या खोलीतली सायकल भंगारवाल्याला दिली होती, गाद्या वर नेल्या होत्या, फरशी पुसली होती. सईने विचारलं होतं, कुणी येणार आहे का? मी म्हणाले होते, माहीत नाही. तिला केंद्रावर सोडलं, परत आणायला तिच्या बाबांना सांगितलं आणि स्कूटी मोशीकडे वळवली. मोशी, कुरुळी, मग निघोज्याचा फाटा. कंटेनरच्या रांगा, पत्र्याच्या शेड, चहाच्या टपऱ्या. आमची बाभूळ कुठे असेल याचा अंदाज मी भिंतीवरून करत होते आणि तो दर वेळी चुकत होता. पाठीमागे कुणीतरी बसलंय असं वाटत होतं. आरशात बघितलं नाही.

दादाच्या कंपनीच्या गेटवर, केबिनबाहेर कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याशी विटांचा लहानसा ओटा. त्यावर एक दगड, ओल्या शेंदराचा, पुढे नारळाची वाटी. आत शिरणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला हात जोडले, तेव्हा दादा त्याचा नंबर लिहून घेत होता. मला बघून त्याने पेन कानावर ठेवलं.

"सुरे? आज हिकडं कुठं? सगळं बरं हाय न्हवं?"

"हा कुठला?" मी दगडाकडे बोट दाखवलं.

"कुठला म्हंजे? आपलाच. बांधावरचा."

"कधी आणलास?"

"तुमी गेल्यावर दुसऱ्या दिशी. डोझर यायचा व्हता. म्हनलं, चेंगरंल बिचारा. आधी कांद्याच्या वखारीत ठिवला, मग खोलीवर, मग हितं आनला."

मी विचारलं, "जड नव्हता?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"एका हातानं उचलला, सुरे."

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दर दिवाळीला आई ते सांगायची तेव्हा हा शेजारी बसून करंजी खात असायचा.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"आई किती कवतिकानं सांगायची. तिचं मन कशाला मोडायचं? आन तुझी एसटी सुटत व्हती, मी वखारीवरनं बघितलं की. पेपर म्हत्त्वाचा व्हता."

मी केबिनच्या पायरीवर बसले. म्हणाले, "दादा, दगडाचं जाऊ दे. पण मी ते बोलले म्हणून सगळे तुलाही तेच म्हणायला लागले."

"व्हय. म्हनायचे." त्याने वहीवरची धूळ तळहाताने पुसली. "हलायचा न्हाई म्हनून." मग बसची वेळ विचारावी तितक्या साध्या आवाजात म्हणाला, "पर मला कुनी हलवून तरी बघितलं का गं?"

मला रडू फुटलं. गेटवर, भर उन्हात, दोन ड्रायव्हरांसमोर. तो गडबडला, पाण्याची बाटली पुढे केली, मग स्वतःच टोपण उघडून दिलं. त्याच वेळी मला त्या कादंबरीतली खरी चूक सापडली. मागे राहिलेला माणूस भांडी फोडत नाही, वादळं धाडत नाही. तो दाराशी खुर्ची टाकून बसतो, जो येईल त्याचं नाव लिहून घेतो आणि बहिणीला सणाला न चुकता न्यायला येतो. सत्तावीस वर्षं माझ्या मागे उभा होता तो म्हसोबा नव्हताच.

डोळे पुसून मी म्हणाले, "मी तुला न्यायला आलेय."

"न्यायला?" तो हसला. "आज कुठला सण हाय?"

"सईचा भूगोलाचा पेपर आहे."

त्याचं हसू हळूहळू मावळलं. त्यालाही तो दिवस आठवला असावा. तो दगडाकडे वळला, नारळाची वाटी उगीच सरळ केली.

"आन ह्याचं काय?"

"तुला काय वाटतं?"

"ह्याचं बरं चाललंय. पोरं नमस्कार केल्याबगर गाडी आत घालत न्हाईत. ह्याला नगं हलवू." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "माजी शिफ्ट तीनला सुटती."

"बसते तोवर."

"हितं बसायचं तर वहीत लिवावं लागतंय. नेम हाय."

त्याने वही माझ्यापुढे सरकवली. नाव, कुणाला भेटायचं, काम, आत आल्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ. मी माझं नाव लिहिलं. कुणाला भेटायचं, तिथे त्याचं पूर्ण नाव लिहिलं. कामाच्या रकान्यात लिहिलं, भावाला न्यायला.

त्याने ते वाचलं. टोपी काढून खिडकीत ठेवली आणि परत वाचलं. मग कानावरचं पेन घेऊन, बाहेर जाण्याच्या वेळेत स्वतःच्या अक्षराने तीन लिहिलं, आणि तिथेच पुढे, दोन जण.